विचारलेलं बरं

तिसऱ्या मोटारीला वाट देताना क्लेमंट बेडोज इतके मागे सरकले की कुंपणाच्या झुडपात त्यांनी बसकणच मारली. तशा अवस्थेतही त्यांनी हातातला डेलियाच्या फुलांचा गुच्छ उंच धरून मोटारवाल्याचे आभार मानले. मोटार तोवर वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती.

"काटे लागले का?" शेजारणीनं विचारलं.

"काट्यांनाच मी लागलो असेन, सिस्टर. माझं वजन बघा," असं म्हणत ते तिच्या हाताला धरून उठले, आणि चार मोडलेल्या फांद्यांकडे वळून सवयीनं 'सॉरी' म्हणाले.

ही शेजारीण, पेशानं नर्स, म्हणजे हे लिहिणारीच. पण गोष्ट बेडोज यांची आहे, तेव्हा तिनं शेजारीणच राहिलेलं बरं.

दोघं होपबॅचच्या वरच्या वाडीतून चर्चकडे निघाली होती. वाडी टेकडीवर, चर्च खाली ओढ्याच्या काठी. मधून शेतातली वाट धरली की अर्ध्या तासात माणूस पोचतो. पण वसंतात शेताच्या फाटकाला साखळी पडली, 'खाजगी' अशी पाटी लागली, आणि तेव्हापासून हा मोटाररस्त्याचा पाच मैलांचा वळसा नशिबी आला. रविवारी बस नाही. बेडोज यांची नजर अधू झाल्यामुळे त्यांनी गाडी विकलेली. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, आता वळणावरची मोटार त्यांना आवाजावरून कळायची. शेजारणीनं गाडी शिकायचा प्रयत्न केला होता, पण परीक्षक दरवेळी तिच्याआधीच गाडीतून उतरायचा. वाडीतली माणसं आपल्या मोटारीतून न्यायला तयार होती. बेडोज त्यांना सांगत, की तुम्हाला कशाला उगीच त्रास, मला तर चालायला आवडतं. आणि मग रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसत.

चर्चच्या आवारात त्यांची बायको म्युरिएल पुरलेली होती. ती गेल्यापासून एक रविवार चुकला नव्हता. पण यंदा डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि स्पष्ट सांगितलं की हिवाळ्यात हा वळसा झेपायचा नाही. शेतातली वाट झेपेल, रस्ता नाही. वाट उघडली तर म्युरिएलची भेट, नाही तर घरात बसून खिडकीतून चर्चचा कळस पाहायचा.

वाट जुनी होती, किती जुनी ते कुणालाच माहीत नाही. वरच्या वाडीला स्वतःचं चर्च नव्हतं, स्मशान नव्हतं, म्हणून वाडीतली मढी याच वाटेनं खांद्यावरून खाली न्यायचे. निम्म्यावर, ओकच्या झाडाखाली, विसाव्याचा दगड आहे. सपाट, लांब, मधे झिजलेला. तिथं शवपेटी टेकवायची, खांदा बदलायचा, सफरचंदाची दारू, सायडर, घोट घोट प्यायची आणि पुढं निघायचं. बेडोज यांच्या आजोबांना तिथं टेकवलं होतं, आईलाही. इतकी माहितीची वाट, पण सरकारी नकाशात तिचं नाव नाही. वाटांची नोंद करायला माणसं आली तेव्हा गावपंचायतीतल्या शहाण्यांनी ठरवलं होतं, सगळ्यांना ठाऊक आहे, मग लिहायचं कशाला?

आता ज्यांना ठाऊक होतं ती माणसं बहुतेक सगळी त्याच वाटेनं खाली जाऊन चर्चच्या आवारात कायमची राहायला गेली होती.

शेत होतं म्हाताऱ्या गफचं. तो वारला, मुलीनं शेत विकलं, आणि शहरातून आलेल्या नव्या मालकानं साखळी घातली. गावानं अर्ज केला. येत्या गुरुवारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, एक अधिकारी बाई गावच्या हॉलमध्ये बसून साक्षी ऐकणार होत्या. कायदा म्हणजे अगदी सरळ. लोक वीस वर्षं एका वाटेनं उघडपणे, कुणाशी दांडगाई न करता चालले असतील, तर ती वाट लोकांची. पहिला साक्षीदार अर्थातच क्लेमंट बेडोज. सारं गाव त्यांच्याकडे डोळे लावून होतं.

गेल्या आठवड्यात पंचायतीच्या चिटणीस हिल्डा प्रॉसर त्यांच्याकडे साक्षीची तयारी करून घ्यायला आल्या. बेडोज यांनी चहा केला, ओव्याचा केक कापला. हिल्डाबाईंनी चारदोन प्रश्न विचारले आणि मग सहज म्हणाल्या, "आणि मिस्टर बेडोज, तुम्ही गफची परवानगी कधी मागितली नव्हती ना?"

बेडोज ताठ बसले. त्यांना वाटलं, आपल्या संस्कारांवरच शंका घेतली जातेय.

"म्हणजे काय? दर रविवारी मागितली," ते म्हणाले. "टोपी काढून."

हिल्डाबाईंनी केकचा तुकडा बशीत परत ठेवला.

कायद्याची खोच तिथंच होती. हक्कानं चालले तर हक्क. विचारून चालले तर ती मालकाची मेहेरबानी, आणि मेहेरबानी मालकाबरोबर संपते. तीस वर्षं हा सज्जन माणूस दर रविवारी फाटकाशी उभा राहून 'हरकत नाही ना?' असं विचारत आला आणि दर रविवारी वाडीच्या हक्काच्या शवपेटीला एकेक खिळा ठोकत आला. बरं, तेवढ्यावर भागलं नव्हतं. नाताळात चर्चची घंटा वाजवणारी मंडळी निघाली की हे पुढं जाऊन त्यांच्या वतीनं विचारून यायचे. कापणीच्या उत्सवाला बायका निघाल्या की त्यांच्याही वतीनं. गफच्या मुलीनं नव्या मालकाच्या वकिलाला मोठ्या प्रेमानं सांगितलं होतं, की मिस्टर बेडोजसारखा माणूस होणे नाही, कधी न विचारता पाऊल टाकलं नाही. जन्मात पहिल्यांदा कुणी त्यांच्या सभ्यतेचा दाखला दिला, आणि तोच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला.

खुद्द गफ वैतागायचा. एकदा तो म्हणाला होता, "क्लेम, तुझे बापजादे इथनं मढी घेऊन गेले, त्यांनी विचारलं होतं का? तू कशाला विचारतोस?"

"विचारलेलं बरं," बेडोज म्हणाले होते.

आपल्याकडे म्हणतात, भीड ही भिकेची बहीण. बेडोज यांच्या घरी दोघी सख्ख्या नांदत होत्या. लग्नाच्या वेळी त्यांनी म्युरिएलच्या वडिलांना विचारलं, आईला विचारलं, थोरल्या भावाला विचारलं. सगळ्यांचा होकार घेऊन आनंदानं घरी निघाले तेव्हा म्युरिएल दारापर्यंत आली आणि म्हणाली, "क्लेम, मला विचारायचं राहिलं की रे." बस सुरू करण्याआधी ते पोरांना 'निघू या का?' असं विचारायचे आणि उत्तरासाठी खरोखर थांबायचे. एक द्वाड पोरगा रोज 'नको' म्हणायचा, म्हणून होपबॅचची शाळा वर्षभर उशिरा भरली. हे किस्से ते स्वतःच रंगवून सांगत. म्युरिएल म्हणायची, हा मेल्यावर स्वर्गाच्या दाराशी उभा राहील आणि म्हणेल, गैरसोय होत असेल तर मी उद्या येतो.

पण गेला आठवडाभर ते हसले नव्हते. हिल्डाबाई उठताना म्हणाल्या होत्या की दोनचार साक्षीदार आहेत, पण कुणी उशिरा राहायला आलं, कुणी मधेच चालणं सोडलं. अख्खी वीस वर्षं भरणारं एक तरी माणूस हवं, आणि तेही न विचारता गेलेलं. असं कुणी आहे का?

बेडोज यांना एक माणूस आठवलं होतं. म्हणून तर आज ते चौथ्यांदा हवेबद्दल बोलत होते.

"दुपारीही ऊन राहील असं वाटतं," ते म्हणाले.

"मघाशी तुम्ही पाऊस येईल म्हणालात."

"तोही येईल. कुणालाच नाही म्हणवत नाही मला."

रस्त्याचा मधला चढ संपला तिथं मैलाच्या दगडाशी दोघं टेकली. समोर खाली गफचं शेत पसरलं होतं. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या गाई ओकच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांतली एक विसाव्याच्या दगडाला मान घाशीत होती. साखळी ऊन लागून चमकत होती. बेडोज यांनी चीजचं सँडविच काढलं, मोठा अर्धा शेजारणीला दिला, आणि स्वतःचा अर्धा नुसता हातात धरून बसले.

अडचण अशी, की मदत मागायची तर आधी एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती सांगणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

शेजारीण बावीस वर्षं त्या शेतातून खालच्या वृद्धाश्रमात नोकरीला गेली होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. पण फाटकाशी गफ उभा असला तरी तिनं कधी मान वर केली नाही. एक तर तिला गाईंची भीती. गाईला हात जोडणाऱ्या देशात जन्मली, पण ते हात जोडणं दुरून असतं, आणि मधे दावं असतं. इथं वीस गाई मोकळ्या, आणि प्रत्येकीला तिच्याबद्दल कुतूहल. म्हणून फाटकात पाय टाकला की ती रामनाम सुरू करायची आणि पलीकडच्या कुंपणाच्या पायऱ्या चढेपर्यंत थांबायची नाही. मधे कुणाला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं म्हणजे नाम तुटणार, आणि तेवढ्यात गाय आली तर? गफ दिसला की त्याच नामातला एक 'राम राम' ती मनातच त्याला घालायची. गफला यातलं काय माहीत? तो बेडोजना म्हणायचा, "तुझी ती सिस्टर माझ्या शेतातून अशी जाते, जशी काही शेत तिच्या बापाचं आहे आणि मी राखणदार."

बेडोज खजील होऊन तिच्या वतीनं माफी मागायचे. आणि याच गोष्टीनं गेला आठवडा त्यांची झोप उडवली होती. माफीच्या भरात आपण तिच्याही वतीनं परवानगी मागून ठेवली का? शेवटी न राहवून ते हिल्डाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. माफी मागितलेली चालते का, त्यांनी विचारलं. हिल्डाबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, माफी आगळिकीनंतर मागतात, परवानगी आधी. म्हणजे न विचारता जाण्याची आगळीक झालीच होती, हे उलट सिद्ध होतं.

मैलाच्या दगडावर बेडोज यांनी सँडविच रुमालात परत बांधलं. टोपी काढली. शेजारीण पाहत होती. ही टोपी कुणापुढे निघायची ते तिला माहीत होतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "राग मानू नका. गावात पुष्कळांना वाटायचं की तुम्ही जरा उर्मट आहात."

शेजारणीला बावीस वर्षांनी कळलं, की ज्याला ती मनातल्या मनात रामराम करून जायची त्या माणसापर्यंत त्यातला एकही पोचला नव्हता.

"मला तसं कधी वाटलं नाही," ते घाईनं म्हणाले, मग थांबले. गुरुवारी खरं बोलायचं होतं, सुरुवात आजच केलेली बरी. "थोडंसं वाटायचं. मी तुमच्या वतीनं माफी मागत असे. पण आता बघा, अख्ख्या वाडीत सभ्य माणसांचा काडीचा उपयोग राहिला नाही. माझा तर मुळीच नाही. मी टोपी काढून काढून वाट घालवली. मेलेल्यांनी चालून चालून जी राखली, ती मी 'हरकत नाही ना' म्हणून घालवली. म्युरिएल असती तर म्हणाली असती, क्लेम, तू जन्मभर दार उघडं धरून उभा राहिलास आणि शेवटी तुझ्याच तोंडावर ते लागलं."

खाली एक गाय उठली, अंग झाडून पुन्हा बसली. बेडोज यांनी डेलियाचा गुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तुम्हाला चारचौघांत बोलायला आवडत नाही, ते मला माहीत आहे. पण गुरुवारी त्या बाईंसमोर उभ्या राहून एवढंच सांगा, की बावीस वर्षं मी या शेतातून गेले, उजेडात गेले, मालकाच्या डोळ्यांदेखत गेले, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही." त्यांनी टोपी छातीशी धरली. "म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."