पडद्याला बांधलेली घुंगरं

शनिवारी अशोकचा फोन कधी यायचा नाही. शनिवार हा त्याच्या धंद्याचा दिवस, आणि अमावस्या जोडून आली की मग तर बघायलाच नको. त्यामुळे त्या शनिवारी दुपारी मी पोळ्या करत असताना फोनवर त्याचं नाव दिसलं, तेव्हा मी पोळी तव्यावर तशीच टाकली. पिठाच्या हातानंच फोन कानाला लावला आणि पहिलं विचारलं, "गौरी सापडली का?" पलीकडे माझी भावजय होती, सुनंदा. ती म्हणाली, "गौरी हाय आक्का, माझ्याजवळच हाय... हे गेले."

मला ते कळायलाच वेळ लागला. कुठं गेले, असंही मी विचारलं असेन. या घरावर काही यायचं तर ते गौरीच्या वाटेनंच येणार, असं आम्ही सगळ्यांनी इतकं धरून ठेवलं होतं, की अशोककडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्याचं स्वतःचंही नाही.

अशोक माझा धाकटा भाऊ. शनिशिंगणापुरात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान. तेल, काळे उडीद, रुईच्या पानांच्या माळा. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, आणि त्या खोल्यांना गावातल्या रीतीप्रमाणे दार नाही. चौकट आहे, पडदा आहे, कुत्रं शिरू नये म्हणून टेकवायला एक फळी आहे. बास. आम्ही भावंडं अशाच घरात वाढलो. लग्न होऊन मी नगरला आले तेव्हा कडी कशी लावायची हे मला नवऱ्यानं दाखवलं होतं, आणि त्यावरून अशोकनं माझी पुढं कितीतरी वर्षं टिंगल केली. "आमच्या आक्काला कोंडून घालायला शिकवलं दाजींनी," म्हणायचा. लई बोलका माणूस. आवाज असा खणखणीत की गाडीतून उतरणारं गिऱ्हाईक त्याच्याकडंच वळायचं. त्या रस्त्यावर सगळ्यांकडं तेच तेल आणि तीच माळ. ज्याचा आवाज मोठा त्याचं दुकान मोठं, इतका सरळ हिशेब.

मग गौरी झाली. दिसायला देखणी, आजीच्या वळणावर गेलेली. पण तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर बघेना. नगरच्या डॉक्टरांनी स्वमग्न म्हणून सांगितलं. शब्द ऐकून अशोक म्हणाला, नाव तर चांगलं हाय. पण पुढं एकेक गोष्ट समोर यायला लागली. गौरीला आवाज सोसायचा नाही. भोंगा, गर्दी, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले की ती कानावर हात दाबून गोल गोल फिरायची आणि मग सुसाट पळत सुटायची. कुठं जायचंय असं काही नसायचं, फक्त इथून लांब. आता मला सांगा, शनिवारी शिंगणापुरात शांतता कुठून आणायची? ज्या दिवशी बापानं गल्ल्यावर असलंच पाहिजे, त्याच दिवशी त्यानं पोरीजवळ असलंच पाहिजे, अशी ती गोची होती. आणि ती दर आठवड्याला यायची.

अशोकनं पहिल्यांदा काय केलं तर ओरडणं सोडलं. बापाचा आवाज चढला की मागच्या खोलीत पोरगी भिंतीला डोकं लावते, हे कळल्यावर तो गिऱ्हाईकांशी हळू बोलायला लागला. शेजारचे दोघे घसा फोडून बोलावतायत आणि हा आपला हात जोडून, हसून उभा. गिऱ्हाईक तुटायला लागलं. कामाला ठेवलेली माणसं टिकेनात. सुनंदा आधी दिवसभर माळा करायची, तीही पोरीमागं अडकली. मी चिडून म्हणायचे, अरे, धंदा हाय का मौनव्रत? तो हसायचा. काय करणार होता दुसरं...

मग त्यानं पडद्याच्या खालच्या कडेला घुंगरं बांधली. बैलाच्या गळ्यातली, चांगली पितळी. गौरीनं पडदा उचलला की ती वाजायची, आणि त्यांचा आवाज तिला आवडायचाही, हे विशेष. वाजली की अशोक गल्ल्यावरूनच म्हणायचा, "गौराबाई, कुठं?" ओरडून नाही, जरा गाण्यासारखं. आणि ती थांबायची! जी पोरगी कुणाच्या हाकेला मान वळवायची नाही, ती पडदा हातात धरून उभी राहायची आणि परत आत जायची. हेच शब्द, हाच सूर सुनंदानं लावून पाहिला, मी लावून पाहिला. आमच्या हाकेला ती ढिम्म. सुनंदाला याचं फार लागायचं. जन्म मी दिला आणि ऐकती फकस्त बापाचं, असं एकदा माझ्याजवळ बोलून रडली होती.

पण एका शनी अमावस्येला रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती, भोंगे लागले होते, आणि त्या गदारोळात अशोकला घुंगरं ऐकूच आली नाहीत. सुनंदा चुलीवर उतू जाणारं दूध उतरवायला वळली, तेवढ्यात पडद्यामागं कुणी नव्हतं. अशोक गल्ला, माल, समोरचं गिऱ्हाईक, सगळं तसंच टाकून पळाला. चार वाजून गेल्यावर गौरी सापडली, वाहनतळावर, परगावच्या एका मोकळ्या जीपमध्ये मागच्या सीटखाली, कान दाबून बसलेली. त्या गाडीवाल्यानं तिला बघितलं नसतं आणि गाडी निघाली असती तर... हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी पुरं केलं नाही. अशोक दुकानात परत आला तर सगळं जागच्या जागी. लोकांनी माल घेऊन पैसे ताटात ठेवले होते. हे सांगून तो मला म्हणाला, "आक्का, बाहेरून येनाऱ्यापासून देव राखतो, ते काय खोटं न्हाई. पन आतून जानाऱ्याला कोन राखनार?"

त्यानंतर त्यानं सोनईहून सुतार आणून दार करवलं. गावातलं कुणी तोंडावर काही बोललं नाही. एकदोघं तर म्हणाले, तुझी अडचण वेगळी हाय, लाव बाबा. दार आलं, भिंतीला टेकवून ठेवलं, बिजागऱ्याही आणल्या. पण बसवायची वेळ आली आणि अशोक हातोडी घेऊन नुसता उभा राहिला. आजा-पणजापासून कुणी लावलं नाही ते मी लावू, आणि उद्या हिचंच काही बरंवाईट झालं म्हणजे? श्रद्धा म्हणा, भीती म्हणा, त्याचा हात काही उचलेना. सुनंदाचाही नाही. शेवटी ते दार चार डब्यांवर आडवं टाकलं आणि त्यावर बसून ती माळा करायला लागली. आजही ते तिथंच आहे.

मला हे ऐकून संताप आला. मी म्हटलं, तुमच्या गावात दार चालत नसेल तर माझ्या गावात या. हट्ट करून त्यांना नगरला आणलं, आमच्याच गल्लीत खोली बघून दिली. चांगलं दार, वर-खाली कड्या. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. पण गौरी बंद दारामागं जन्मात कधी राहिली नव्हती. ती दिवसभर त्याच्यापुढं उभी राहायची आणि तळव्यांनी बडवायची. तळवे सुजले, जेवण सुटलं. पडदा लावला तर बाहेर थेट वाहता रस्ता. आणि इकडं अशोक रोज पहाटे शिंगणापूर गाठणार, दुकान उघडणार, जीव मात्र नगरला. उन्हाळा कसाबसा काढला आणि त्यांनी सामान परत टेम्पोत घातलं. त्या पडद्याजवळ पोचल्यावर गौरीनं घुंगरं वाजवली म्हणे, कितीतरी वेळ. दार नव्हतं म्हणून हाल आणि दार होतं म्हणूनही हाल. यावर कुणाला काही सुचत असेल तर मला तेव्हाही ऐकायचं होतं, आताही ऐकायचंय.

वारला त्याच्या आधीच्या मंगळवारी तो गौरीला थेरपीला घेऊन नगरला आला होता. येताना नेहमीसारखा माझ्याकडं जेवला. जेवता जेवता छाती चोळत होता. पित्त झालंय, म्हणाला. मी पाठीमागं लागले, आत्ताच्या आत्ता दाखवून घे. त्यानं गौरीच्या पानातला भात कालवला, तिला भरवायला घेतला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, शनिवार दुकानाचा, बाकीचे वार हिचे. माझ्यासाठी वार कुठला शिल्लक हाय?" मी त्याला दोन शिव्या दिल्या. तो हसला. जाताना आवळ्याची सुपारी तेवढी मागून घेतली.

त्या शनिवारी सकाळपासून दुखत होतं त्याला. सुनंदा म्हणाली, चला दवाखान्यात, तर म्हणाला, गर्दी उतरू दे. पुढचं तिनं मला तेराव्याच्या दिवशी सांगितलं. दुपारी घुंगरं वाजली. तिनं सवयीनं लक्ष दिलं नाही, कारण आता पुढून हाक येणार आणि गौरी मागं फिरणार, हे ठरलेलंच. हाक आली नाही. घुंगरं परत वाजली. तरी हाक नाही. तेव्हा ती धावत पुढं गेली, तर अशोक गल्ल्यावर मान टाकून बसला होता. समोर गिऱ्हाईक माळ हातात घेऊन उभं.

परवा मी जाऊन आले. दुकान सुनंदा चालवते, म्हणजे उघडते आणि अर्ध्यातून उठते. पुढं काय, हे मी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मी मागच्या खोलीत चहाचा कप घेऊन बसले होते. गौरी चौदा वर्षांची झालीये, माझ्या खांद्याला लागते. ती उठून पडद्याशी गेली, तशी मी धसकून उभी राहिले. पण ती बाहेर गेली नाही. आता जातच नाही, सुनंदा म्हणाली. पडदा थोडा उचलते, घुंगरं वाजवते, आणि दुकानाकडं कान लावून उभी राहते. मग पुन्हा वाजवते.

मला राहवलं नाही. मी जमेल तेवढं गाण्यासारखं म्हटलं, "गौराबाई, कुठं?"

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच बघितलं असेल असं. मग परत दुकानाकडं तोंड केलं आणि पडदा हलवला.