पाहुण्याचा माठ

सुरतेला निघालो त्या सकाळी मायनं मला पाहुण्याच्या माठातलं पाणी दिलं.

हे वाक्य वाचून तुमच्यापैकी निम्म्या लोकांना काहीच झालं नसेल. उरलेले निम्मे, म्हणजे जे पूर्णेच्या काठी खारपाणपट्ट्यात वाढले, मग ते गावीच राहिलेले असोत की माझ्यासारखे पळालेले, ते एव्हाना थांबले असतील. त्यांनी क्षणभर थांबावंच. तोवर मी बाकीच्यांना माठांचं सांगतो.

आमच्या घरी दोन माठ होते. एक स्वयंपाकघरात, घरच्यांचा. त्यात आमच्या विहिरीचं खारं पाणी. दुसरा ओसरीच्या कोपऱ्यात, तिवईवर, ओल्या पोत्यात गुंडाळलेला. त्यात गोडं पाणी, आणि ते फक्त पाहुण्यांसाठी. हे गोडं पाणी माझा मोठा भाऊ सुधाकर, आमचा दादा, सायकलला दोन कॅन बांधून शेजारच्या गावच्या नळावरून आणायचा. आणणाऱ्यालाही त्यातला थेंब प्यायची परवानगी नव्हती. मी चोरून प्यायचो आणि मार खायचो. दादा चोरूनही कधी प्यायला नाही. असा मोठा भाऊ मिळणं हा धाकट्याचा फार मोठा छळ असतो.

तर त्या सकाळी मी बावीस वर्षांचा, पँटीला इस्त्री, केसांना तेल, आणि अकोल्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट वरच्या खिशात असं ठेवलेलं की अर्ध्या गावाला दिसावं. मायनं हातावर दही घातलं आणि पाणी आणायला वळली. आत जायच्या ऐवजी ती ओसरीच्या कोपऱ्याकडे गेली. मला वाटलं चुकली. तिनं गिलास भरून माझ्यापुढे धरला.

"घे बे," दादा सायकलवर माझी ट्रंक बांधता बांधता म्हणाला, "पाहुणा झाला तू आता."

सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसलो, गिलास कपाळाला लावून ओसरीला नमस्कार केला आणि एका दमात प्यालो. ती गोष्ट गमतीची नव्हती हे मला कळायला बरीच वर्षं लागली. मी मुळात हळू समजणारा माणूस आहे. फक्त बोलतो भराभर.

खारं म्हणजे कसं, असं सुरतेत लोक मला विचारतात. समुद्रासारखं नाही. पहिल्या घोटाला वाटतं की गिलास नीट धुतला नाही. दुसऱ्या घोटाला वाटतं की कोणी खोडी केली. तिसरा घोट पाहुणा घेतच नाही. तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा. साबणाला फेस नाही. चहात दूध घातलं की कधी फाटेल सांगता येत नाही. पूर्णा गावाजवळूनच जाते, पण पावसाळ्यात ती चिखलाची आणि उन्हाळ्यात डबक्यांची. पिणं विहिरीवर, आणि विहीर खारी.

सुरतेत मी कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायला लागलो. पुढे घड्या मोडायला लागलो, म्हणजे गिऱ्हाइकासमोर साडी उलगडून दाखवायला. हे काम माझ्यासाठीच देवानं निर्माण केलं होतं. खांद्यावर पदर टाकून मी अशी काही चाल दाखवायचो की सासू-सुना दोघी खरेदी करायच्या. आता माझा स्वतःचा गाळा आहे, गुजराती मी हिशेबापुरती आणि भांडणापुरती शिकलोय, आणि मुलगी मला पप्पा म्हणते.

मी गाव सोडलं असं लोक म्हणतात. माझं म्हणणं असं की मी फक्त उताराच्या बाजूला सरकलो. नकाशा काढून पाहा. अमरावतीकडची पेढी पूर्णेला मिळते, अकोल्याची मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, आणि तापी सुरतेत माझ्या नळाला येते. म्हणजे अमरावतीच्या मावशीची मोरी आणि अकोल्याच्या मामाची न्हाणी, सगळं धरणात निवळून, गाळून माझ्या गिलासात. नातेवाइकांशी इतका जवळचा संबंध गावात राहणाऱ्यांचाही नसेल. हे मी मार्केटमध्ये सांगितलं की शेजारचे गाळेवाले हातातलं पाणी खाली ठेवतात.

माय होती तेव्हा तिलाही हे फोनवर सांगितलं होतं. ती दर वेळी एकच विचारायची, "पानी कसं हाये तिथचं?"

"गोड हाये, माय. आपल्याच नदीचं."

एकदा तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग खारं तेवढं आपल्याच वाट्याले कावून ठेवलं तिनं?"

याचंही मी हसू केलं. माझ्याजवळ तेवढंच सामान असतं.

पण माझा खरा हातखंडा किस्सा वेगळा होता. दादाच्या लग्नाचा. तो मी गणपतीत, लग्नांत, पार्सल उशिरा आलं की ट्रकवाल्यांनासुद्धा सांगितलेला आहे. वहिनी हिवरखेडची, सातपुड्याच्या पायथ्याची, गोड्या पाण्याची. तिकडचे लोक आमच्या पट्ट्यात मुलगी द्यायला कचरायचे. तिचे वडील घर बघायला आले तेव्हा मी वीस वर्षांचा. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी पाण्याचंच विचारलं, "विहीर कशी हाये तुमची?"

माय खाली बघायला लागली. आमचे बाबा आधीच गेलेले. दादा खोटं बोलणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तो तोंड उघडायच्या बेतात होता. मी उठलो. "ताजं काढूनच आणतो, काका. तुमीच सांगा कशी हाये ते." खांद्यावर दोर टाकला, बादली घेतली, घराला वळसा घालून मागच्या विहिरीवर गेलो. रिकामी गरगडी, म्हणजे दोराची कप्पी, दोन-तीनदा करकरवली, बादली आपटली, "हुश्श" असं ओसरीपर्यंत ऐकू जाईल इतकं म्हटलं. पाहुणे यायच्या आधीच पाहुण्याच्या माठातून भरून आत ठेवलेला तांब्या मायनं मागच्या दारातून माझ्या हाती दिला. कपाळ पुसत मी तो काकांपुढे ठेवला. ते प्याले. पुन्हा प्याले. माझ्याकडे बघितलं, दोराकडे बघितलं आणि म्हणाले, "पानी चांगलं हाये." लग्न ठरलं.

अठ्ठावीस-तीस वर्षं हा किस्सा चालला. दर वेळी गरगडीचा आवाज मी तोंडानं काढायचो.

गेल्या वर्षी दादाचे पाय सुजायला लागले. मी गाडीनं बडनेऱ्याला उतरलो, तो अकोल्याहून आला, आणि ऑटो करून आम्ही अमरावतीच्या एका डॉक्टरकडे गेलो. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले की दोन्ही किडन्या थकल्यात. पाण्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ते पाणी आजपासून बंद. आणि पुढेमागे डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल, तेव्हा दवाखाना हाताशी असेल अशा ठिकाणी राहा. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "डॉक्टर नवा हाये. शिकून जाईन हळूहळू."

वहिनीचीही तपासणी केली. तिचा रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तो ठीक निघाला. पण त्यानंतर एका लग्नात कोणी फर्माईश केली म्हणून मी विहिरीचा किस्सा सुरू केला, आणि गरगडीपाशी थांबलो. आवाज निघेना. लोकांना वाटलं, हाही नाटकाचा भाग आहे. टाळ्या पडल्या.

सुरतेत माझ्या घरापासून दवाखाना ऑटोनं पाच मिनिटांवर. दादाचं शेत दोन वर्षांपासून ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलेलं, मुलगी परतवाड्याला तिच्या घरी. त्याला अडवणारं गावात काही नव्हतं. तरी तो येईना. मी दर रविवारी फोन करायचो, तो सोयाबीनच्या भावाबद्दल बोलायचा. आणि एके दिवशी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, हे चोरून पेऊन राहिले."

मला वाटलं दारू.

"खारं पानी. मी कॅनवाल्याकडून गोडं घेतो, पाहुण्याच्या माठात भरून ठेवतो. हे मी अंगणात गेली का स्वयंपाकघरातलं पेतात. म्हणतात, ते पाहुण्याचं हाये, मी काय पाहुणा हाओ?"

ज्या माणसानं जन्मात गोडं पाणी चोरलं नाही, तो साठीच्या उंबरठ्यावर खारं चोरत होता.

मागच्या महिन्यात मी गेलो. आज घेऊनच यायचं असं ठरवून गेलो, आणि जाताना गाडीत भाषण पाठ केलं. समजुतीचे मुद्दे, रडवणारे मुद्दे, दवाखान्याचे मुद्दे. दादा ओसरीवर बसला होता. चेहरा सुजून गोल झालेला, त्यामुळे तो आधीपेक्षा आनंदी दिसत होता, आणि ते मला सहन होत नव्हतं. मी भाषण केलं. चांगलं झालं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"मध्या," तो म्हणाला, "मी तुह्या घरी आलो, त मले कोणत्या माठातलं देशीन?"

माझ्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता.

"आमच्या इथं माठच नाही, दादा. पानी गाळायचं मशीन हाये. सगळ्यांले एकच नळ."

"हे आता सांगून राहिला तू. जो घरून जाते तो पाहुणा होते. तुले मायनं त्याच दिवशी केलं. मले या वयात नाही व्हायचं." मग त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "एक काम कर. घरच्या माठातलं एक गिलास पेऊन दाखव. तोंड वाकडं नाही करायचं. जमलं त येतो."

वहिनी दोन्ही माठांच्या मध्ये उभी होती. इतकी वर्षं मी आलो की तिचा हात आपोआप ओसरीच्या कोपऱ्याकडे जायचा. या वेळी ती आत गेली आणि स्वयंपाकघरातल्या माठातून गिलास भरून आणला.

मला वाटलं होतं, जिभेला आठवेल. बावीस वर्षं हेच प्यालो, वाढलो, दात आले ते याच पाण्यावर. पण जीभ मला सोडून केव्हाच सुरतेची झाली होती. पहिला घोट घशापाशी अडला. मी तो उतरवला. चेहरा मी असा ठेवला की मार्केटमधला कोणीही फसला असता. दुसरा घोट, तिसरा, तळापर्यंत. गिलास पालथा करून दाखवला.

"कसं हाये?" दादा.

"घरचं हाये."

"खोटं बोलते हा," दादा वहिनीला म्हणाला. "लहानपनापासून नाटकी. याच्या तोंडाचा काय भरोसा."

"तवाही खोटंच बोलले होते," वहिनी म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती पदरानं गिलास पुसत होती.

"घर पाहाले आले होते बाबा, त्या दिवशी. भाऊजींच्या खांद्यावरचा दोर कोरडा होता. बाबांनी घरी येऊन सांगतलं. विहीर खारी हाये म्हणे, पोरगी द्यायची असन त समजून द्या."

  माझा हातखंडा किस्सा तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि मी तो तिच्यासमोर गरगडीच्या आवाजासकट कितीदा सांगितला होता.

"मंग तू कावून आली?" दादानं शेवटी विचारलं. संसाराची इतकी वर्षं झाल्यावर.

"बाबा म्हणे, एका तांब्यासाठी इतकी धडपड करणारे लोक वाईट नसतीन." तिनं गिलास खाली ठेवला. "अन् मले तुमी बोलले नाही ते आवडलं होतं. तुमचं तोंड उघडं होतं, पन खोटं निघालं नाही. बाबांनी तेही सांगतलं होतं." मग ती त्याच्यासमोर खाली बसली. "मी गोडं पानी सोडून तुमच्या इथं आली ना? एका शब्दानं बोलली का? आता तुमची पाळी हाये."

दादानं खाली बघितलं. मला भाषण करायची फार इच्छा झाली होती. मी गिलास हातात घेऊन आत गेलो आणि उगाच धूत बसलो. साबणाला फेस आला नाही.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. निघून आलेल्यांनो, आपणही तसंच सांगत फिरतो. मला आता एवढंच कळतं की पाणी देताना देणाऱ्याचा हात कोणत्या माठाकडे जावा याचा विचार करावा लागत नाही ते घर, आणि असं घर मी तीस वर्षांपूर्वी एका गिलासात पिऊन टाकलं. ते पुन्हा भरायचं तर ते सुरतेतच भरावं लागणार आहे. ते जमेल की नाही, दादाच्या किडन्या किती साथ देतील, आणि आमच्या मशीनच्या पाण्याला तो काय म्हणेल, यातलं मला काही ठाऊक नाही. मी बाजारातून एक माठ आणलाय. एकच. बायको म्हणाली, मशीन असताना हा कशाला. मी म्हटलं, राहू दे.

आज त्यांची गाडी होती. दादा आयत्या वेळी फिरेल याची मला खात्री होती. याआधी सुरतेला म्हणून निघून तो फाट्यावरून दोनदा परतलेला माणूस आहे. गाडी सुटायच्या वेळेला मी गाळ्यात गिऱ्हाईक सोडून फोन लावला. वहिनीनं उचलला. मागे गाडीचा खडखडाट होता, पण आवाजावर विश्वास ठेवायला मी काही नवखा नाही. मी स्वतः रिकामी गरगडी वाजवलेली आहे.

"वयनी, खरं सांगा. दादा चढला का?"

ती हसली.

"दोर ओला हाये, भाऊजी."