अंगठी घालणाऱ्यानंच काढायची

भानुदास गेल्याचं कळलं तेव्हा मी मैदानावर पोरांच्या नावानं शंख करत होतो. कबड्डीच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या आणि आमचे पठ्ठे पकड घालायला भीत होते. तेवढ्यात शाळेचा शिपाई धापा टाकत आला. "मास्तर, भानुदास लोहाराच्या ग्राइंडरचं चाक फुटलं. तुकडा मानंत घुसला. जागंवरच..." मी पोरांना तसंच सोडून मोटारसायकलला किक मारली. भट्टीवर पोचलो तर त्याला सरकारी दवाखान्यात नेलेलं. ऐरणीवर रक्त, पत्र्यावर रक्त, आणि अर्धी धार लावलेला कोयता खाली पडलेला. मी आठ महिन्यांनी त्या भट्टीत पाऊल टाकत होतो. आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि कारण सांगितलं तर लोक हसतील.

संगमनेरच्या आसपास ऊसतोडीचे कोयते त्याच्यासारखे कुणी करत नसे. पण तो कादंबरी लिहितोय हे फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, म्हणजे कमलवहिनींना, आणि मला. मोबाईलवर हिंदीत आलेले राक्षस-जादूगारांचे पिक्चर बघून बघून गड्याला नाद लागला. दोनशे पानी वह्या, आणि त्यात नुसती कापाकापी! एक राजा, त्याच्याकडं जादूच्या अंगठ्या. ज्याच्या बोटात तो अंगठी घालेल तो त्याचा चाकर. चाकर लढाईत मेला तरी उठायचा, पोट फाटलेलं असलं तरी भाला धरायचा. घालणाऱ्यानं स्वतःच्या हातानं अंगठी काढेपर्यंत त्याला सुटका नाही. संध्याकाळी भट्टी निवायला लागली की तो मला वाचून दाखवायचा. तलवार बरगडीत अडकली तर पाय देऊन कशी ओढायची, मान एका घावात का तुटत नाही, हे असं लिहायचा की माझा चहा गार व्हायचा. लोखंड कुठं चावतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

अंगठीचा तो नियम कुठून आला हे मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी त्याला साडेसाती लागली, एका वर्षात दोनदा हात भाजला. येणाऱ्या-जाणाऱ्याला घोड्याच्या नालेच्या अंगठ्या करून देणारा हा माणूस स्वतः मात्र घालत नव्हता. "करणाऱ्यानं आपल्या हातानं घालू न्हाई मास्तर, आमच्यात चालत न्हाई." मग मीच त्याच्या मधल्या बोटात ती सारली. वर म्हणालो, "साडेसाती सरली की मीच काढीन."

मी तापट माणूस, मला अर्धवट गोष्ट सहन होत नाही. मी विचारायचो, अंगठी काढली की चाकर सुटतो, का नुसता कोसळतो? घालणाराच आधी मेला तर? आणि आपण मेलोय हे त्या चाकराला कळतं तरी का? तो हसून म्हणायचा, "दम धरा की! फुडल्या वहीत हाय." अकरा वह्या झाल्या, उत्तर काही येईना.

अकराव्या वहीत एक चाकर आतडी हातात धरून राजाच्या दाराशी येऊन उभा राहतो. मी विचारलं, "कशाला आलाय? अंगठी काढून मागायला?"

"मला न्हाई ठाव," भानुदास म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "ठाऊक नाही तर लिहितोस कशाला? लोहारानं गुमान कोयते करावेत!"

त्याच्या हातात सांडशी होती, ती त्यानं फेकून मारली. माझ्या कानाशी फाटलं, रक्त गळ्यात उतरलं. मी त्याचा हात धरून पिरगाळला, अंगठीचं बोट सांध्यात कट्कन वाजलं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला बरं वाटलं. नंतर कळलं की दवाखान्यात न जाता त्यानं फडकं बांधलं आणि बोट तसंच जाड होऊन बसलं. रोज शाळेत जाताना भट्टीचा ठोका ऐकू यायचा, मी मान वळवत नव्हतो. त्यानं आधी बोलावं, असं मला वाटायचं. शब्द माझा लागलेला आणि अकडही माझीच! थू असल्या जिंदगीवर.

तिरडीवर ठेवण्याआधी घरीच अंगावरचं सगळं उतरवतात. माळ निघाली, करगोटा निघाला, अंगठी निघेना. भावकीतल्यांनी साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला. सुजलेल्या सांध्यावरून ती सरकेना. "ऱ्हाऊ द्या तशीच," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात बायकांतून कमलवहिनी उठल्या आणि सरळ माझ्यापुढं आल्या.

"मास्तर, तुमी घातली हुती. तुमीच काढा."

त्यांनी सगळ्या वह्या वाचल्या होत्या. मी भट्टीतून हेक्सा ब्लेड आणलं. मीच मोडलेलं बोट डाव्या हातात धरलं आणि कापायला लागलो. लोखंड त्याचं, पक्कं. ब्लेड दोनदा घसरलं, त्याचं कातडं सोललं, पण रक्त आलं नाही. रक्त आलं नाही तेव्हा मी पोरासारखा रडलो...

तेराव्यानंतर वहिनींनी बारावी वही हातात दिली. "तुमच्यासाठी ठिवली हुती. न्यायला या म्हनायला लाजत हुते." मी त्याच्याच ऐरणीशी बसून उघडली. एकही लढाई नव्हती. पहिल्या पानावर माझे तीन प्रश्न, त्याच्या वाकड्या अक्षरात, प्रत्येकाखाली अर्धं पान कोरं. आणि तळाला एक ओळ: मला येत न्हाई, मास्तरला इचारायचं.

ती चिरलेली अंगठी मी शिट्टीच्या दोरीत ओवलीय. शाळा सुटली की भट्टीत जाऊन बसतो, वही उघडतो, पेन धरतो. पहिल्याच प्रश्नाशी अडतो. अंगठी काढली की चाकर सुटतो का?

काढली रे भान्या, माझ्या हातानं काढली. आता तूच सांग.