आंदणानं पाक खाल्ला

माझ्या लग्नात वडिलांनी आंदण म्हणून एक तांब्याची घागर, एक परात, दोन गाद्या आणि एक कपिला कालवड दिली. कुत्रं दिलं नव्हतं. ते आपणहून आलं. रिठदहून आमची बैलगाडी वाशीमच्या वाटेला लागली, तेव्हा ते गाडीखाली, आसाच्या सावलीत चालत होतं, आणि दोनदा दगड मारूनही मागे फिरलं नाही. मी गाडीत पदर तोंडावर घेऊन रडत होते. मधेच फळ्यांच्या फटीतून त्याची तांबडी पाठ दिसली की मला हसू फुटे. रडता रडता हसणारी नवरी पाहून सोबत दिलेल्या पाठराखणीला वाटलं, पोरीवर कोणीतरी काहीतरी केलं आहे. तिनं वाटेत दोनदा माझी दृष्ट काढली.

सासरी सासूबाईंनी ओवाळून घेतलं, आंदणाची भांडी उन्हात धरून उलटीपालटी पाहिली, आणि शेवटी गाडीखालून बाहेर आलेल्या कुत्र्याकडे बोट केलं.

"हेही आंदणातलंच काय व?"

झालं. त्या दिवसापासून कुत्र्याचं नाव आंदण पडलं. तुह्या आंदणानं कोंबडी पळवली, तुह्या आंदणाच्या अंगावर गोचीड आहेत, तुह्या आंदणाले आवर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे आणि मनात आणखी बरंच काही म्हणत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी कायदा सांगितला. घरची भाकर कुत्र्याला मिळणार नाही. कीव येत असेल तर मी माझ्या भाकरीतून द्यावी. मी रोज पाव भाकर तोडून पदराखाली धरी आणि पाऊण भाकरीवर उठे. दिवसभर मेथी खुडून, वांगी तोडून पोटात कावळे ओरडायचे. पण त्या घरात माझ्या माहेरचा वास असलेलं तेवढं एकच जिवंत होतं. कालवड होती, पण कालवड कुणाचीही होते. हे माझंच होतं.

आमचा मळा वाशीमच्या वेशीबाहेर होता. तेव्हा दुसरी लढाई चालू होती आणि रॉकेल चिठ्ठीवर मिळे, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत. जेवणात चिंचेचं सार असेच असे. वरण नसलं तरी चालेल, सार हवं. मला वाटे, असते एकेका घराची रीत.

सासरे, म्हणजे मामाजी, पक्के माळकरी. मारुतीच्या पारावर त्यांचं भजन चाले आणि भजनाला येणाऱ्या प्रत्येकाकडून त्यांनी चिलीम सोडवली होती, भांग सोडवली होती. कुणी शपथ मोडली तर मामाजी त्याच्या घरी जाऊन ओसरीवर गप्प बसून राहत, तो रडेपर्यंत. असा त्यांचा दरारा. त्यांना स्वतःला एकच त्रास होता, गुडघ्यांचा. त्यासाठी गावातल्या अत्तारचाचांकडून ते वाताचा पाक आणत. मळ्यातल्या खोपडीत, फळीवर, चहाच्या पत्र्याच्या डब्यात तो ठेवलेला असे. हिरवट वड्या, तुपाचा घमघमाट. रोज दिवस कलताना सुपारीएवढा तुकडा तोंडात टाकत आणि अत्तारचाचांच्या हातगुणाची वाहवा करत.

गुण तर येईच. तासाभरात मामाजी बदलून जात. दिवसा बैलांवर खेकसणारा माणूस सांजेला बैलांना अहोजाहो करी. एकदा एक वांगं हातात घेऊन ते बराच वेळ बघत बसले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला म्हणाले, हे अगदी आपल्या पाटलासारखं दिसतं. मीही पाहिलं. दिसत होतं. मला वाटलं, देवमाणूस आहे, गुडघे दुखायचे थांबले की किती मोकळा होतो. आत्याबाई दिवसभर त्यांच्याशी कडाकडा भांडत, पण लुगडं, पाटल्या, माहेरी जाणं, जे काही मागायचं ते सांजेला काढत. मामाजी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत. संसार करावा तर असा, मी मनाशी नोंद करून ठेवली.

शिमगा चार दिवसांवर होता. दुपारची वेळ. मी आणि आत्याबाई विहिरीजवळच्या आंब्याखाली बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होतो. नवरा मोट हाकत होता. आंदण खोपडीकडून आलं ते एकेक पाय उंच उचलून, चिखल नसलेल्या जागी चिखल चुकवत. आमच्यासमोर येऊन बसलं. बसलं म्हणजे बसतच गेलं. आधी मागचं धड टेकलं, मग ते डावीकडे कललं, मग सावरून उजवीकडे कललं. आंब्याचं एक पान खाली पडलं तर असं दचकलं की जागच्या जागी चारी पायांनी उडालं. डोळे लाल, तोंडातून लाळ.

मला आधी हसूच आलं. मग आत्याबाईंच्या हातातली जुडी खाली पडलेली दिसली आणि मी हसायची थांबले. महिन्यापूर्वीच शेजारच्या शिवारात पिसाळलेलं कुत्रं एका गाईला चावलं होतं. ती गाय हंबरून हंबरून मेली होती आणि आवाज आमच्या मळ्यापर्यंत येत होता.

बाजूच्या मळ्यात माझे चुलत सासरे होते. ते बांधावरून पाहत होते. "पिसाळलं," एवढंच म्हणाले आणि घराकडे निघाले. त्यांच्याकडे रानडुकरं हाकलायची ठासणीची बंदूक होती. त्या बंदुकीनं आजवर एकही डुक्कर मेलं नव्हतं, पण कारण मिळालं की ती बाहेर काढायची त्यांना भारी हौस. आज तर सावज डुकरासारखं पळणारंही नव्हतं. आज नेम चुकला नसता.

आत्याबाईंनी मला दंडाला धरून विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडावर, चढवून उभं केलं. नवरा मोट सोडून धावत आला. मोठ्यांसमोर तो माझ्याशी कधी बोलत नसे. त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा दिवसाउजेडी बोलला: "हात लावू नको त्याले." मी लाजले. कुत्रं मरायला टेकलं आहे आणि मी थारोळ्यावर उभी राहून लाजते आहे, हे आठवून अजूनही माझा मलाच राग येतो.

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, म्हणून नवऱ्यानं पाण्यानं भरलेलं घमेलं बांबूनं त्याच्याकडे ढकललं. तोवर चुलत सासरे बंदूक घेऊन हजर झाले होते. आंदणानं घमेल्याकडे फार वेळ पाहिलं. मान खाली घातली, नाक पाण्यात बुडवलं आणि ते बाहेर काढायचं विसरलं. बुडबुडे आले. मग शिंकलं. मग उठून घमेल्यात जाऊन बसलं.

चुलत सासरे म्हणाले, पाहा, प्यालं नाही. नवरा म्हणाला, पण भ्यालंही नाही. पिसाळलेलं कुत्रं पाण्यात जाऊन बसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण शहाणं कुत्रं बसल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. मला पुन्हा हसू आलं. हसू आवरेना, रडूही आवरेना, आणि दोन्ही मिळून घशातून जो आवाज निघाला तो ऐकून आंदणानं कान टवकारले आणि शेपटी हलवली. पाणी सगळीकडे उडालं. ते मला ओळखत होतं. पिसाळलेलं कुत्रं मालकाला ओळखत नाही म्हणतात.

चुलत सासरे बंदूक ठासायला लागले. दारू, चिंधी, छर्रे, गज. ठासायला वेळ लागतो, तेवढाच काय तो माझ्या हातात होता. मी थारोळ्यावरून उडी मारली ती खोपडीकडे, दोर आणायला. दोरानं बांधलं तर उद्यापर्यंत तरी ठेवतील, असं काहीतरी डोक्यात होतं. खोपडीच्या दारात चहाचा डबा आडवा पडला होता. आतून चाटून असा लख्ख केलेला की मी कधी भांडं एवढं घासलं नव्हतं.

मी डबा घेऊन धावत आले. मामाजी नुकतेच बाजारातून येऊन उभे होते आणि काय झालं ते विचारत होते.

"मामाजी, यानं तुमचा पाक खाल्ला," मी म्हणाले. "सारा खाल्ला."

मामाजींनी डब्यात पाहिलं. मग आंदणाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शेंदूर खरवडलेल्या मारुतीसारखा झाला.

चुलत सासऱ्यांनी गज न थांबवता विचारलं की वाताच्या पाकानं कुत्रं असं कशाला करेल, आणि त्यात असतं तरी काय. सुंठ, मामाजी म्हणाले. जायफळ. वेलदोडा. तूप. साखर. आणि थांबले. गज बाहेर निघाला. चुलत सासऱ्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झाले नाही. मी काहीच धाडस केलं नाही, माझे पायच हलेनात.

"थांब," मामाजी म्हणाले. "भांग हाये त्याच्यात. माजूम हाये ते. म्या रोज खातो."

घमेल्यातून पाणी टपटप गळत होतं.

आणि मग चुलत सासऱ्यांनी बंदूक खाली घेतली, डोळे पुसले आणि मामाजींच्या पायाला हात लावला. त्यांचा विश्वासच बसला नव्हता. ते म्हणाले, दादा, सुनेच्या कुत्र्यापायी तू स्वतःच्या तोंडाले काळं फासून राह्यला. एवढं मन कोणाचं असते. पण कुत्रं पिसाळलंच हाये, अन तुह्यासारखा माणूस त्याच्यासाठी खोटं बोलला म्हणून ते काही चांगलं होत नाई. असं म्हणून त्यांनी पुन्हा नेम धरला.

मामाजी शपथा घेऊ लागले. तुळशीची माळ हातात धरून सांगू लागले की मी भांग खातो, मी भांग खातो. जितकं सांगत तितके चुलत सासरे अधिक गहिवरत. वीस वर्षं जोडलेली अब्रू त्या बिचाऱ्याला एका दुपारीत मोडता येईना.

तेव्हा आत्याबाई पुढे झाल्या. कुत्रं आणि बंदूक यांच्या मधोमध त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

"खरं हाये ते, भावजी. मले पहिल्यापासून माहीत हाये. मागच्या शिमग्याले हे मलेच 'आत्या' म्हणून माह्या पाया पडले. कायले चिंचेचं सार करते मी रोज? उतारा म्हणून." मग आंदणाकडे न पाहताच म्हणाल्या, "अन ते सुनेचं आंदण हाये. आंदणाले सासरच्यानं हात लावायचा नसते."

आत्याबाईंवर मात्र चुलत सासऱ्यांचा तत्काळ विश्वास बसला. नवऱ्याविषयी त्या कधी खोटं चांगलं बोलल्या नव्हत्या. 'आत्या' या शब्दाशीच माझा नवरा तोंडात उपरणं कोंबून बसला, मी थारोळ्याला टेकले, आणि सगळ्यांच्या आधी स्वतः मामाजी हसले, पाक न खाता. भरलेली बंदूक तशी घरी नेता येईना म्हणून चुलत सासऱ्यांनी आभाळात बार काढला. कावळे उडाले, बैलांनी दावी ताणली. पान पडलं तर उडणारं आंदण घमेल्यात गाढ झोपलेलं होतं, ते हललंही नाही. मला वाटलं मेलं. मी जाऊन त्याच्या छातीला कान लावला. संथ, आरामात, पाटलासारखं चाललं होतं.

आत्याबाईंनी चिंच कोळून वाटी आणली, त्याचा जबडा आपल्याच गुडघ्यावर घेतला आणि बोटानं थोडं थोडं पाजलं. त्यांचा हात सरावलेला होता.

दुसऱ्या दिवशी सांजेला भजनातले तीन जण मामाजींकडे आले. तिघांचेही गुडघे दुखत होते. मामाजींनी त्यांना सार पाजून परत पाठवलं, असं ते तरी सांगत. डबा मात्र फळीवर पुन्हा आला, फक्त आता त्याचं झाकण काथ्यानं बांधलेलं असे.

आंदण त्याच सकाळी उठलं होतं. मी चुलीपाशी पोचले तेव्हा ते दारात बसून, सरळ बसून, आत्याबाईंच्या हाताकडे पाहत होतं. आत्याबाईंनी तव्यावरून एक जाड भाकर उतरवली, ताकात कुस्करली आणि उंबऱ्याबाहेर सरकवली. मी सवयीनं माझ्या ताटातली भाकर तोडायला घेतली.

"तोडू नको," त्या म्हणाल्या. "त्याची त्याले केली. तू आपली खाय."

तापलेली, कडेला पापुद्रा सुटलेली, ज्वारीची. सासरी त्या दिवशी मी पहिल्यांदा अख्खी भाकर खाल्ली.