माह्या पोरीची सोयरीक दारूवर होनार नाई

जय भीम, वस्तीवाल्यांनो! चौकातल्या या फळ्यावर आज माही बातमी वाचा.

सकाळी माह्या कमलची सोयरीक पक्की कराले दर्यापूरचे पाहुणे आले होते. सारं ठरलं, अन् पोराच्या बापानं पिशवीतून मोहाची बाटली काढली. म्हणे, "दोघं बाप संगं घोट घेत नाई तवापर्यंत सोयरीक पक्की नाई. जुनी रीत हाये."

वास आला अन् तोंडाले पाणी सुटलं. खोटं काहून लिहू? चाळिशीनंतर धम्माची दीक्षा घेतली तवा दारू सोडली. अजूनही संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळतात, तवा तुमीच दंड धरून मले वंदनेले नेता.

म्या बाटली परत केली. "पंचशील घेतलं हाये. चहा घ्या."

"मंग पोरगी ठेवा घरीच!" म्हणत तो उठला.

कमल चहा घेऊन बाहेर आली. "माह्या बापाले दारू पाजून मले नेणारं घर मलेच नाई पाह्यजे. चहा पिऊन जा."

चहा न पिताच गेले. जाऊ द्या!

आता तुमाले इचारतो. चहावर सोयरीक करणारा पोराचा बाप हाये काय कोनी आपल्यात? असन तर आज वंदना झाली की घरी या. चुलीवर आधण ठेवतो.