मिलिंदला आलेली धमकी

माझ्या बायकोला वाटतं, मी सामने बघायला जाणं उन्हामुळे सोडलं. मीच तिला तसं सांगितलंय. खरं कारण तिला ठाऊक नाही — कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय.

मिलिंद इथे परदेशात, बुकित बातोकला आमच्याच इमारतीत राहायचा — बायको सुजाता आणि मुलगी मुदिता यांच्यासोबत. मूळचा नागपूरचा, माझ्याच वयाचा. आठवडाभर लॅबमध्ये संशोधन आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या भागातल्या एका हौशी फुटबॉल टीमचा कोच — बिनपगारी, निव्वळ आवडीपोटी. त्यानेच मला मैदानावर नेलं. पुण्यात मी कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता, पण इथे मला त्या टीमचं वेडच लागलं. टीम हरली की मला जेवण जायचं नाही.

आणि त्या मोसमात टीम हरतच होती. नुसतं हरणं चाललंही असतं, पण मिलिंदच्या टीमचं आक्रमण म्हणजे एकच चाल — बॉल मागे द्यायचा, आणखी मागे द्यायचा, आणि मग पुढच्या उंच खेळाडूच्या दिशेने लांब भिरकावायचा. समोरच्यांना ते पाठ झालं होतं. तो उंच पोरगा बिचारा दोघांच्या मधे उड्या मारत राहायचा. कडेने कुणी धावायचंच नाही. आम्ही बघणारे ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचो आणि मिलिंद हाताची घडी घालून उभा.

सामन्यानंतर हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर चहा घेताना तो विचारायचा, "कसं वाटलं?"

मी काय म्हणायचो? "नशीब नव्हतं रे आज."

दुसरी काहीतरी चाल बघ — मित्राला एवढं सांगायला काय झालं होतं मला? तोंडावर बोलवेना, म्हणून मी टीमच्या पेजवर लिहायला लागलो. खोट्या नावाने. आधी थट्टा. लोक हसले, तेव्हा बरं वाटलं — फार बरं वाटलं. मग शिव्या. मग...

सांगतो. थांबलो तर पुन्हा सांगणं व्हायचं नाही.

टीम खालच्या गटात ढकलली जायची वेळ आली होती. एकच सामना उरला होता. त्याच्या आधीच्या सामन्यातही तीच चाल, तीच हार. परतताना एमआरटी ट्रेनमध्ये दाराशी उभा होतो, डोकं नुसतं सणकलं होतं. तिथेच त्या खोट्या खात्यावरून मिलिंदला थेट मेसेज केला. इंग्रजीत — मराठी माणसाचा वास यायला नको म्हणून. पुढच्या सामन्यात हाच खेळ दिसला तर बघ, तुझी मुलगी शाळेतून येताना कुठल्या स्टॉपवर उतरते ते आम्हाला माहीत आहे.

'आम्हाला' लिहिलं. होतो मी एकटाच. आणि स्टॉप माहीत होता, कारण तो आमच्या खिडकीतून दिसायचा.

मी काही करणार होतो का? नाही. पण वाचणाऱ्या बापाला ते कसं कळावं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात मिलिंद. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. त्याने फोन माझ्यासमोर धरला आणि माझंच वाक्य मला वाचायला दिलं.

"पोलिसांत जातो," तो म्हणाला. "ते शोधून काढतील. तुला काय वाटतं?"

मला माझा इथे काम करायचा पास दिसला, नोकरी दिसली, दारात उभे पोलीस दिसले. त्याची मुलगी — ती नाही दिसली.

"उगाच वाढवू नकोस," मी म्हणालो. "पोरंटोरं असतील. पोलिसांत गेलास तर त्यांना आणखी चेव येईल."

त्याने ऐकलं. माझ्यावर भरवसा होता ना! आणि मग तो म्हणाला, "तू दुपारी घरूनच काम करतोस. मुदिताला स्टॉपवरून आणशील का, थोडे दिवस? तू असलास तर सुजाताला झोप तरी लागेल."

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

रोज दुपारी मी तिथे उभा राहायचो. मुदिता प्रायमरी थ्रीमध्ये, म्हणजे तिसरीत होती. बसमधून उतरली की माझा हात घट्ट धरायची. एकदा हळूच, इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "काका, that bad man, you see him, you tell me first, can?"

"हो बेटा," मी म्हणालो. आणि खरंच इकडेतिकडे बघितलं — कुणी येतंय का म्हणून. त्या क्षणी मला माझी जी भीती वाटली, तशी पोलिसांची कधी वाटली नाही.

शेवटच्या सामन्याला मिलिंद गेलाच नाही. टीम सोडली. खातं मी पुसून टाकलं, पण बेल वाजली की अजून छातीत धस्स होतं. काही महिन्यांत ते लोक सेरंगूनला राहायला गेले. सुजाता म्हणाली, "जागा मोठी आहे." जुनी जागा लहान नव्हती.

परवा तिचा फोन होता. मुदिता आता सेकंडरीत आहे, उंच झालीय. "पण बसने एकटी जात नाही हो अजून," सुजाता सांगत होती. "चिडवतात वर्गातल्या मुली. मी म्हटलं, जाऊ दे, सवय आहे तिची." बायकोने त्या सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलंय. मग मिलिंदने सुजाताकडून फोन घेतला आणि म्हणाला, "त्या वेळी तू होतास म्हणून निभावलं रे."

मी म्हणालो, "अरे, त्यात काय!"

रविवारी ते येतील. मुदिता माझ्या शेजारी बसेल, मी तिला वाढीन. सांगणार मात्र नाही. ते मला आजच माहीत आहे.