पुजलेला कीबोर्ड

दसऱ्याच्या दिवशी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या आमच्या घरातल्या संगणकाने कीबोर्ड बेपत्ता असल्याचं जाहीर केलं. (कीबोर्ड आठ फुटांवर, पाटावर होता. त्याला हळदकुंकू लागलेलं होतं.)

संगणक जुना आणि त्यातलं लिनक्सही जुनं. सुरू होताना त्यातला एक प्रोग्राम काळ्या पडद्यावर कालच्या आणि आजच्या भागांची यादी ताडून पाहतो. काही गेलं असेल तर विचारतो : याची माहिती ठेवू की पुसू? त्या सकाळी त्याने लिहिलं : कीबोर्ड काढला आहे. पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा!

कीबोर्ड मीच काढला होता. पूजेसाठी विळे, खुरपी, बायकोची, म्हणजे मंगलची शिवणाची कात्री मांडून झाल्यावर मायनं विचारलं, "अन् तुह्यं हत्यार कोणतं?" उत्साहाच्या भरात मी कीबोर्ड दिला, माउस दिला, सीपीयू उघडून नेटवर्क कार्डसुद्धा काढून दिलं. पूजा झाली आणि दाजींचा फोन आला.

"साळेबुवा, निकिताच्या लग्नाची पत्रिका कुठं हाय? प्रेसवाला म्हणते एकच्या आत द्या. मंग मशीनची पूजा, मंग चार दिवस छपाई बंद. अन् परवा पह्यली पत्रिका कुलदैवताले ठेवाची हाय!"

भाचीची पत्रिका मी तयार केली होती. ती फक्त याच संगणकात होती.

"पाच मिनिटात पाठोतो," म्हणून मी सवयीने संगणकाचं बटण दाबलं होतं. आता पाटाकडे हात नेला.

"खबरदार!" माय ओरडली. "पुजलेलं हत्यार उद्यालोक उचलाचं नाही."

"माय, निकिताची पत्रिका हाय त्याच्यात!"

"मंग काल काऊन नाही पाठोली?"

मी हात मागे घेतला.

"हत्यार उचलाचं नाही ना?" मंगल म्हणाली. "मंग सीपीयूच न्या देवाजोळ."

सीपीयू आणि मॉनिटर देवापुढे आणला. कीबोर्ड-माउस तसूभरही न हलवता त्यांच्या वायरी जोडल्या. पाट जमिनीवर असल्यामुळे मला पालथं पडून, हात लांब करून टाइप करावं लागलं.

"पाह्य वं मंगल," माय गहिवरली, "जलमात पह्यल्यांदा मनातून नमस्कार करून राह्यला!"

मंगलने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

प्रोग्रामने कळवलं : कीबोर्ड सापडला. माउस सापडला. नेटवर्क कार्ड काढलं आहे, माहिती ठेवू की पुसू? मी 'ठेव' दाबायला गेलो. कळ कुंकवाने चिकटली, बोट घसरलं, माहिती पुसली गेली. कार्ड अर्थातच झेंडूखाली होतं आणि उद्यापर्यंत हलणार नव्हतं. इंटरनेट संपलं. (मंगलचा मोबाइल हे जुनं लिनक्स ओळखतच नाही.)

घरात न पुजलेली एकच वस्तू उरली होती : कपाटातला पेन ड्राइव्ह. पत्रिका त्यात घेतली आणि जीप पकडून बुलढाण्याला निघालो.

साडेबाराला प्रेसमध्ये पोचलो. मालक देविदासभाऊ नवं धोतर नेसून पूजेच्या तयारीत होते. त्यांनी पेन ड्राइव्ह दोन्ही हातांनी घेतला.

"बसा मामा. पह्यले पाणी प्या."

मी पाणी प्यायलो. गडू खाली ठेवून वळलो, तोवर पेन ड्राइव्ह त्यांच्या पाटावर, कात्रीच्या शेजारी होता. त्याला हळद, कुंकू आणि एक झेंडू वाहिलेला होता.

"भाऊ! हे काय केलं?"

"दसरा हाय ना! म्हनलं, तुमचंबी हत्यार पुजून टाकू."

"अन् मशीन?"

"त्याची पूजा शेवटी. एक वाजता. तोलोक छापतो ना मी!"

"मंग पेन ड्राइव्ह द्या."

देविदासभाऊंनी पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुजलेला? तो आता उद्याच उचलता येते, मामा."

मी घड्याळ पाहिलं.

"भाऊ," मी विचारलं, "तुमचा सीपीयू किती जड हाय?"

बारा वाजून पन्नास मिनिटांनी पत्रिका छपाईला गेली. त्या वेळी मी त्यांच्या पाटापुढे पालथा होतो.